आक्षेप वाचकाचा, उत्तर ग्रंथाचे

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लेक एकदा सासरी गेली की माहेरच्यांनी तिच्या संसारात फार डोकावू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत असत. ग्रंथाचेही काहीसे असेच आहे. तो छापून बाहेर पडला, वाचकाच्या घरी गेला की लेखकाचा त्याच्यावरचा अधिकार संपला. त्याचे कोडकौतुक होईल, त्याला नावे ठेवली जातील, कदाचित तो फळीवर धूळ खात पडेल. लेखकाने हे सारे शांतपणे पाहावे, अशी अपेक्षा असते. परंतु लेकीच्या स्वयंपाकाला कोणी नावे ठेवली आणि आईच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही, असे कधी घडले आहे काय? निंदकाचा शेजार संतांनी इष्ट मानला खरा. पण त्या शेजारात प्रत्यक्ष राहणे सोपे नसते, हे ज्याने काही लिहिले आहे त्या प्रत्येकाला ठाऊक असते.

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे तो टीका झाल्यानंतर लेखक काय करतो, हा. टीका कशी करावी याविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली, तिच्यात ग्रंथांवरील टीकेचा स्वतंत्र निबंधच आहे. मात्र टीका सोसावी कशी आणि तिचे करावे काय, याची चर्चा फारशी होत नाही. वस्तुतः लेखकाची खरी परीक्षा तेथेच असते.

पहिली आणि अगदी स्वाभाविक प्रतिक्रिया म्हणजे उलटून वार करणे. इंग्रज कवी बायरन याचा 'अवर्स ऑफ आयडलनेस' हा कवितासंग्रह १८०७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. 'एडिंबरो रिव्ह्यू' या मातब्बर नियतकालिकाने त्या संग्रहाची निर्दय टर उडवली. उमराव घराण्यातला तो तरुण संतापला आणि १८०९ मध्ये त्याने टीकाकारांवर एक दीर्घ उपहासकाव्य लिहून सूड उगवला. काव्य गाजले, आवृत्त्याही निघाल्या. परंतु त्या भरात त्याने टीकेशी संबंध नसलेल्या अनेक चांगल्या कवींनाही झोडपले होते. शिवाय ते परीक्षण ज्याने लिहिले असे त्याला वाटत होते, त्याने ते लिहिलेच नव्हते. लिहिणारा दुसराच होता. पुढे बायरनला या साऱ्याचा पश्चात्ताप झाला आणि १८१२ मध्ये पाचवी आवृत्ती तयार होत असताना त्याने ती स्वतःच दडपून टाकली. रागाच्या भरात लिहिलेले पत्र रात्रभर उशाखाली ठेवावे आणि सकाळी पुन्हा वाचावे, असे घरातले वडीलधारे सांगतात. बायरनला मात्र ती सकाळ उजाडायला तीन वर्षे लागली.

दुसरी प्रतिक्रिया याच्या अगदी उलट, म्हणजे लेखणी खाली ठेवण्याची. थॉमस हार्डी या थोर कादंबरीकाराच्या 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' या १८९५ च्या कादंबरीवर अनीतीचा आरोप झाला. एका बिशपने ते पुस्तक आगीत टाकल्याचे जाहीरपणे सांगितले. हार्डी त्यानंतर बत्तीस वर्षे जगला, त्याने उत्तम कविता लिहिल्या, पण कादंबरी पुन्हा लिहिली नाही. यामागे एवढे एकच कारण होते असे म्हणता येणार नाही. तरी कादंबरीविषयीचे त्याचे मन त्या गदारोळाने विटले, हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे.

आपल्या काळात महाजालामुळे या गोष्टीला वेगळेच वळण लागले आहे. पूर्वी परीक्षण लिहिणारा कोणीतरी विद्वान असे, संपादकाच्या हाताखालून त्याचा मजकूर जाई. आता पुस्तक विकत घेणारा कोणीही गृहस्थ घरबसल्या दोन ओळींत निकाल देतो, वर एक ते पाच तारे लावून गुणही देतो. परीक्षेत मुलांना मिळतात तसे! यात वाईटच आहे असे नाही. ज्याने पदरचे पैसे मोडून पुस्तक घेतले, त्याला बोलण्याचा अधिकार आहेच. पण लेखकाची मात्र यामुळे तारांबळ उडते. रक्तपिपासू पिशाच्चांच्या कथांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन लेखिका अ‍ॅन राइस यांची २००३ मधील एक कादंबरी वाचकांना आवडली नाही आणि 'अ‍ॅमेझॉन'वर नाराजीचे अभिप्राय साठत गेले. कोट्यवधी प्रती खपलेल्या या ज्येष्ठ लेखिकेने २००४ मध्ये त्याच ठिकाणी, मध्ये एकही परिच्छेद न पाडता, लांबलचक उत्तर लिहिले. वाचकांना पुस्तक समजलेलेच नाही, असा तिचा सूर होता. ज्यांना पुस्तक आवडले नाही त्यांनी ते परत पाठवावे, पैसे मिळतील, असे सांगून तिने आपल्या घराचा पत्ताही तेथे देऊन टाकला. बाईंचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. परंतु त्या उत्तराने एकाही वाचकाचे मत पालटले असेल असे वाटत नाही, आणि कादंबरी होती तशीच राहिली.

याहून खालची पायरी गाठणारेही निघाले. रशियाच्या इतिहासाचे नावाजलेले ब्रिटिश अभ्यासक ऑर्लँडो फायजिस यांनी टोपणनावाने आपल्याच पुस्तकाची स्तुती आणि प्रतिस्पर्धी इतिहासकारांच्या पुस्तकांची निंदा त्याच 'अ‍ॅमेझॉन'वर केल्याचे २०१० मध्ये उघड झाले. आधी वकिलामार्फत इन्कार, मग ते लिखाण पत्नीचे असल्याचा खुलासा, आणि शेवटी स्वतःची कबुली व नुकसानभरपाई, अशा पायऱ्यांनी ते प्रकरण संपले. ही क्लृप्ती महाजालाने जन्माला घातली असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेचा महाकवी वॉल्ट व्हिटमन याने १८५५ मध्ये आपल्या पहिल्या संग्रहाची निनावी स्तुतिपर परीक्षणे स्वतःच लिहून वृत्तपत्रांत छापून आणली होती. कवी थोर होता म्हणून लोकांनी हे मनावर घेतले नाही, इतकेच.

श्रोतेहो, उलटून बोलणारे, रुसून बसणारे आणि वेषांतर करून येणारे असे लेखक झाले. पण या सर्वांहून निराळ्या वाटेने गेलेला एक लेखक आहे आणि त्याची हकीकत जरा सविस्तर ऐकण्याजोगी आहे. त्याचे नाव चार्ल्स डिकन्स.

'ऑलिव्हर ट्विस्ट' ही डिकन्सची कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. अनाथ मुलांना पाकीटमारी शिकवणारा आणि चोरीचा माल विकणारा फेगिन हा त्यातला खलनायक आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. हा फेगिन ज्यू आहे. पण तो ज्यू आहे एवढे एकदा सांगून डिकन्स थांबत नाही. कादंबरीत फेगिनचा उल्लेख त्याच्या नावाऐवजी 'ज्यू' असाच शेकडो वेळा येतो. जणू तेच त्याचे नाव, तोच त्याचा गुन्हा आणि तेच त्या गुन्ह्याचे स्पष्टीकरण! पुढे वर्षानुवर्षे ही कादंबरी इंग्लंडमधल्या घराघरांत वाचली गेली. ज्यू समाजाला त्या देशात अजून पुरते नागरी हक्कही मिळालेले नव्हते. आपल्या धर्माप्रमाणे शपथ घेऊन पहिला ज्यू सदस्य पार्लमेंटात बसला तो १८५८ मध्ये. अशा समाजाचे कोवळे मूल शाळेत जाते आणि वर्गातली मुले त्याला फेगिन म्हणून हाक मारतात, तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा विचार कादंबरी लिहिताना पंचविशीतल्या त्या लेखकाने केला नव्हता. मुद्दाम दुष्टावा केला असेही नाही. त्याच्या भोवतालचे लोक जसे बोलत, तसे त्याने लिहिले.

१८६० मध्ये डिकन्सने लंडनमधले आपले घर विकले. ते विकत घेणारे डेव्हिस हे गृहस्थ ज्यू होते. व्यवहार होण्यापूर्वी डिकन्सच्या मनात त्यांच्याविषयी किंतु होता. व्यवहार मात्र इतका चोख झाला, की इतका समाधानाचा व्यवहार आपण कधी केला नव्हता असे त्यालाच म्हणावे लागले. पुढे १८६३ मध्ये या गृहस्थांच्या पत्नी एलायझा डेव्हिस यांनी डिकन्सला पत्र लिहिले. निमित्त होते एका सत्कार्यासाठी देणगी मागण्याचे. परंतु त्याच पत्रात त्यांनी सरळ विषयाला हात घातला: दीनदुबळ्यांचा कैवारी म्हणून ज्याची ख्याती आहे, त्या लेखकाने फेगिन रंगवून एका पीडित समाजावर मोठा अन्याय केला आहे आणि त्याचे परिमार्जन करणे त्याच्याच हाती आहे.

डिकन्स त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होता. एका गृहिणीच्या पत्राची दखल न घेणे त्याला सहज शक्य होते. त्याने उत्तर दिले, देणगीही पाठवली. पण ते पहिले उत्तर वाचताना प्रत्येक लेखकाला आपलाच चेहरा आरशात दिसेल. त्याचा आशय असा की, ज्यू मंडळींना आपल्यावर अन्याय झाला असे वाटत असेल तर ती समजूतदार मंडळी नव्हेत. ज्या काळची कथा आहे त्या काळी तसल्या धंद्यात ज्यूच असत, ही वस्तुस्थिती आहे. आणि कथेतले बाकीचे सारे दुष्ट लोक ख्रिस्तीच आहेत, हे कोणी का पाहत नाही? थोडक्यात, लेखकाचे काही चुकलेले नाही, चुकला आहे तो वाचक.

येथे दुसरे कोणी असते तर गप्प बसले असते किंवा चारचौघांत लेखकाला शिव्या देत राहिले असते. एलायझाबाईंनी पुन्हा पत्र लिहिले. त्यात आदळआपट नव्हती, होता तो एकच बिनतोड मुद्दा. कादंबरीत वाईट ख्रिस्ती आहेत हे खरे, पण त्यांच्या शेजारी चांगले ख्रिस्तीही उभे आहेत. ज्यू मात्र एकटाच आहे. त्याच्या शेजारी दुसरा ज्यू नसल्यामुळे तोच साऱ्या समाजाचा प्रतिनिधी होऊन बसतो.

या पत्रानंतर डिकन्सने वाद वाढवला नाही. जाहीर खुलासा केला नाही की सभा भरवली नाही. १८६४ च्या मे महिन्यात त्याची 'अवर म्युच्युअल फ्रेंड' ही नवी कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि तिच्यात राया नावाचा एक वृद्ध, सात्त्विक ज्यू अवतरला. या कादंबरीत सावकारी पाश टाकणारा खरा माणूस ख्रिस्ती आहे. तो स्वतः पडद्याआड राहतो आणि निष्ठुर सावकाराचा मुखवटा या बिचाऱ्या ज्यूच्या तोंडावर चढवतो, कारण ज्यू म्हटला की तो असाच असणार हे लोक आधीच गृहीत धरून बसलेले असतात. एके ठिकाणी हा राया जे बोलतो ते तर एलायझाबाईंच्या पत्रातलेच तर्कशास्त्र आहे: इतर समाजांतला एखादा वाईट निघाला तर लोक म्हणतात, हा वाईट, पण त्यांच्यात चांगलेही आहेत; ज्यूंच्या बाबतीत मात्र त्यांच्यातल्या सर्वांत वाईट माणसावरून साऱ्यांची पारख होते. वाचकाचा आक्षेप लेखकाने पात्राच्या मुखी घातला!

गोष्ट येथेही संपत नाही. १८६७ मध्ये डिकन्सच्या समग्र साहित्याची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा त्याने 'ऑलिव्हर ट्विस्ट' हातात घेऊन अनेक ठिकाणी 'ज्यू' हा शब्द खोडला आणि तेथे फेगिनचे नाव किंवा साधे सर्वनाम घातले. ही दुरुस्ती मुख्यतः पुस्तकाच्या उत्तरार्धात आहे, पूर्वार्ध बहुतांशी तसाच राहिला. म्हणजे आजही ती कादंबरी चाळली तर एकाच पुस्तकात आधीचा डिकन्स आणि नंतरचा डिकन्स असे दोघेही भेटतात. त्याच वर्षी एलायझाबाईंनी त्याला हिब्रू व इंग्रजी बायबलची प्रत भेट दिली. आपल्या हातून कोणाला इजा झाली हे कळताच ती भरून काढणे हा मनुष्याचा उदात्त गुण आहे, अशा आशयाची अर्पणनोंद त्यांनी तीवर केली होती. डिकन्सने आभाराचे पत्र लिहिले आणि कोणाचाही अपमान करण्याचा आपला हेतू नव्हता, असे पुन्हा सांगितले. मरेपर्यंत लेखक तो लेखकच!

साहित्याच्या जाणकारांचे एक म्हणणे येथे सांगितले पाहिजे. फेगिन जितका जिवंत आहे, तितका राया नाही. तो फारच सज्जन आहे, प्रायश्चित्त म्हणून घडवलेले पात्र वाटते. हे खरेच आहे. अन्याय करणारे चित्र सहज उतरते आणि परिमार्जनाचे चित्र घाम गाळून काढावे लागते. पण म्हणून ते काढूच नये असे कोण म्हणेल?

टीकेपुढे लेखकाने किती वाकावे, असा प्रश्न यातून उभा राहतो. प्रत्येक आक्षेप मान्य करत गेले तर ग्रंथ लेखकाचा उरेल काय? या प्रश्नाला कादंबरीकारापेक्षा शास्त्रज्ञाच्या चरित्रात चांगले उत्तर सापडते. चार्ल्स डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ १८५९ च्या नोव्हेंबरात निघाला आणि १८७२ पर्यंत त्याने त्याच्या सहा आवृत्त्या स्वतः दुरुस्त केल्या. डार्विनची एक सवय होती. आपल्या सिद्धांताच्या विरोधात जाणारी वस्तुस्थिती दिसली की तो ती तत्काळ टिपून ठेवी. अनुकूल गोष्टी मनात राहतात, प्रतिकूल मात्र चटकन निसटतात, असा त्याचा अनुभव होता. पहिल्या आवृत्तीत त्याने पाण्यात तोंड उघडे ठेवून पोहत किडे पकडणाऱ्या अस्वलाचे उदाहरण देऊन, त्यातून देवमाशासारखा प्राणी होण्याची कल्पना मांडली होती. लोकांनी तिची यथेच्छ थट्टा केली. दुसऱ्या आवृत्तीत अस्वल राहिले, देवमासा गेला. पुढे सेंट जॉर्ज मायव्हर्ट या जीवशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून हल्ला चढवला. अर्धवट वाढलेल्या अवयवाचा प्राण्याला उपयोग काय, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. डार्विन व्यथित झाला, कारण मायव्हर्टने आपले म्हणणे मोडूनतोडून मांडले असे त्याला वाटत होते. तरी सहाव्या आवृत्तीत त्याने या आक्षेपांसाठी एक संपूर्ण नवे प्रकरण घातले आणि एकेका उदाहरणाला उदाहरणाने उत्तर दिले.

पण याच डार्विनची दुसरी बाजूही पाहावी. फ्लीमिंग जेन्किन नावाच्या अभियंत्याने १८६७ मध्ये असे दाखवून दिले की, आईबापांचे गुण मुलांत रंगांसारखे मिसळून जात असतील तर एखादा नवा उपयुक्त गुण दोन-चार पिढ्यांतच फिका पडून नाहीसा होईल. घागरभर दुधात केशराच्या दोन काड्या टाकाव्यात तसा. डार्विनजवळ याचे उत्तर नव्हते. टीकेचा मान राखून त्याने पुढील आवृत्त्यांत आपले काही विधान सौम्य केले. प्रत्यक्षात गुण असे मिसळून जात नाहीत, हे ग्रेगोर मेंडेलने १८६६ मध्येच वाटाण्याच्या रोपांवरून छापून ठेवले होते. जगाने त्याची दखल घेतली ती १९०० मध्ये, डार्विनच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी. म्हणूनच अनेक अभ्यासक आज सहाव्यापेक्षा पहिल्या आवृत्तीला पसंती देतात. म्हणजे टीका प्रामाणिक असते, लेखकही प्रामाणिक असतो, आणि तरीही माघार चुकीची ठरू शकते!

आता आपल्या घराकडे वळू. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचे वय बावीस होते. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने 'शालापत्रका'तून त्या व्याकरणाची कसून झडती घेतली. दादोबांनी आपल्या ग्रंथाची पाठ सोडली नाही. नवी आवृत्ती काढली, लघु व्याकरण लिहिले, आणि १८८१ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, मोठ्या व्याकरणाची पुरवणी छापली. एका ग्रंथाची पंचेचाळीस वर्षे डागडुजी!

परंतु लेखक उत्तर द्यायला जिवंतच नसेल, किंवा त्याला उत्तर देण्याची गरजच वाटत नसेल, तर वाचकाने काय करावे? महाराष्ट्राला या प्रश्नाशी झुंजावे लागले आहे. साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास लंडनमध्ये छापला. डेव्हिड केपन याने तो मराठीत आणला आणि आपल्याच मुलांना आपला इतिहास त्या बखरीतून शिकवला जाऊ लागला. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीच्या रानात अकस्मात पेटलेला वणवा, अशी डफची कल्पना. डफ १८५८ मध्ये वारला. त्यानंतर सुमारे नऊ वर्षांनी नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने, विद्यार्थिदशेतच, पुण्यात डफच्या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला. पुढे तो 'विविधज्ञानविस्तार' मासिकात आला.

या निबंधाची थोरवी त्याच्या रीतीत आहे. परक्याने आपल्याला हिणवले म्हणून आरडाओरड करणे सोपे होते, आणि पारतंत्र्यातल्या तरुणाच्या तोंडी ते शोभूनही दिसले असते. कीर्तन्यांनी डफच्या परिश्रमांचे ऋण आधी मान्य केले, मग त्याच्या चुका आणि उणिवा एकेक करून दाखवल्या. त्यातून मराठी विद्वानांना एक गोष्ट उमगली: डफला खोटे म्हणायचे तर अस्सल कागद हवेत, आणि ते तर वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या स्वाधीन झालेले आहेत. काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' सुरू करून बखरी व पत्रे छापायला घेतली. इतिहासाचार्य राजवाडे खांद्यावर पडशी टाकून गावोगाव हिंडले. १८९८ पासून त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड निघाले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहिला, तो त्या वणव्याच्या कल्पनेचे खंडन करीतच सुरू होतो. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. एका पुस्तकावरच्या आक्षेपातून एवढा पसारा वाढला. मृत लेखक उत्तर देऊ शकत नव्हता, म्हणून आक्षेप घेणाऱ्यांच्या पिढ्यांनीच ते तयार केले.

यदुनाथ सरकारांचे उदाहरण याला जोडून घ्यावे. त्यांचे शिवचरित्र १९१९ मध्ये इंग्रजीत निघाले आणि पुण्याच्या संशोधकांशी त्यांचे खटके उडाले. मने शेवटपर्यंत पुरती जुळली नाहीत. पण नवी साधने उजेडात येत गेली, तसतसे सरकार पुढल्या आवृत्त्यांत ग्रंथ सुधारत आणि वाढवत राहिले. मनाने दूर राहिलेले हे पंडित कागदांवर मात्र रोज एकमेकांना भेटत होते.

हीच परंपरा सांगणाऱ्या पुण्यात ५ जानेवारी २००४ रोजी काय घडले, हे विसरता येत नाही. जेम्स लेन या अमेरिकन प्राध्यापकाचे श्रीशिवछत्रपतींविषयीचे पुस्तक २००३ मध्ये निघाले. त्यातील आक्षेपार्ह मजकुराची पुनरुक्ती येथे करण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील इतिहास अभ्यासकांनी प्रकाशकाला लेखी निषेध कळवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रकाशकाने भारतातून ते पुस्तक मागे घेतले. लेखकानेही दिलगिरी व्यक्त केली. सह्या केलेल्या एका पत्राने एवढे काम केले होते. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी एक जमाव भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात घुसला, कपाटे फोडली, ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस केली. ज्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यात जवळजवळ अर्धे शतक वेचले, तिच्या फरशीवर फाटलेली पाने पसरली होती. लेनच्या पुस्तकातली एक ओळही त्यामुळे बदलली नाही. उलट त्या दिवसानंतर जगभर चर्चा झाली ती मोडतोडीची. मूळ आक्षेप मागे पडला. राज्य शासनाने पुस्तकावर बंदी घातली, ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. डफला उत्तर देणाऱ्यांनी कागद गोळा केले होते; येथे शिवरायांचेच नाव घेऊन कागद फाडले गेले.

ज्यांच्या घरी महाराजांची तसबीर आहे, त्यांना हे सलले पाहिजे. आक्षेप घ्यावा, अवश्य घ्यावा. पान कोणते, वाक्य कोणते, त्याला बाधक पुरावा कोणता, हे लिहून सहीनिशी पाठवावे. एलायझा डेव्हिस यांच्याजवळ संघटना नव्हती, सत्ता नव्हती. पहिल्या पत्राला फटकारल्यासारखे उत्तर आल्यावर दुसरे पत्र लिहिण्याची चिकाटी तेवढी होती.

जाता जाता महाराजांच्याच संदर्भातली एक सुखद आठवण. रणजित देसाई 'श्रीमान योगी' लिहीत होते. 'स्वामी' कादंबरीने त्यांचे नाव घरोघरी पोचलेले होते. आणखी स्तुती करणारे पाहिजे तेवढे मिळाले असते. त्यांनी विचारणा केली ती नांदेडच्या नरहर कुरुंदकरांकडे. कुरुंदकर राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांतले, कट्टर बुद्धिवादी. आपल्या परिवारातील मंडळींशी त्यांचे मतभेद उघड होते आणि ते त्यांनी कधी लपवलेही नाहीत. भक्तिभावाने भारावणे हा त्यांचा पिंड नव्हे. त्यांनी देसायांना उत्तरादाखल दीर्घ पत्र लिहिले. लढाया आणि धाडसाचे प्रसंग यांपुरते महाराज पाहू नका; त्यांनी घालून दिलेली राज्याची घडी पाहा, रयतेशी जोडलेले नाते पाहा, आणि त्यांच्या पश्चात औरंगजेब प्रचंड फौजेनिशी दक्षिणेत उतरला असता ही जनता इतकी वर्षे कशाच्या बळावर लढत राहिली याचा विचार करा, असा त्या विवेचनाचा रोख आहे. कादंबरीकाराला महाराज रंगवताना कोणत्या अडचणी येतात, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले.

असे पत्र हाती आल्यावर एखाद्या लेखकाने ते टेबलाच्या खणात ठेवून दिले असते. दोन स्तुतीची वाक्ये उचलून मलपृष्ठावर छापणारेही असतात. रणजित देसाईंनी ते पत्रच आपल्या कादंबरीला प्रस्तावना म्हणून जोडले. त्यामुळे 'श्रीमान योगी' उघडणाऱ्या वाचकाला पुढची शेकडो पाने ज्यांच्याविषयी आहेत ते महाराज भेटण्यापूर्वी लेखकाशी वाद घालणारा एक माणूस भेटतो. कित्येक घरांतून ती कादंबरी वडिलांनी मुलाला आणि मुलाने नातवाला दिली आहे. या वाचनालयातल्या प्रतीची सुरुवातीची पानेही, बोटे लागून लागून, मऊ पडलेली दिसतील.